कायद्याने पंचवीस पेनी

मंगळवार, ८ सप्टेंबर १९८१

मॅव्हिस क्लेगने आज मला रस्त्यातून हाक मारून आत बोलावले. तिच्या मासे-बटाट्याच्या दुकानात मी सहसा पाऊल टाकत नाही. तळणाचा वास कोटातून जाता जात नाही. तिने काउंटरखालून एक बशी काढली. बशीत राजपुत्राच्या लग्नानिमित्त काढलेला नवा कोरा क्राउन होता, ते मोठे स्मारक-नाणे.

"तुमच्या नवऱ्याने दिला, लेनर्डने," ती म्हणाली. "व्हिनेगरमधला एक कांदा घेतला आणि हा पुढे केला. मी म्हटलं, अरे बाबा, जुलैत लग्न झालं बिचाऱ्यांचं, आणि तू त्यांना कांद्यावर घालवतोस?"

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, पंचवीस पेनी आहेत, उरलेले सुटे दे. दिले मी. पण बाई, मला कसंतरीच झालं. माझ्या आईने राज्याभिषेकाचा क्राउन मरेपर्यंत बायबलशेजारी ठेवला होता. क्राउन कधी कोणी मोडतं का?"

मी तिला पंचवीस पेनी देऊन नाणे घरी आणले. मॅव्हिसचे म्हणणे रास्त आहे. क्राउन राजघराण्यातल्या प्रसंगांसाठी पाडतात, लोक ते मुलांच्या बारशाला देतात आणि मग ते कपाटात राहतात. अलीकडच्या क्राउनवर तर किंमतही छापलेली नसते. लेनर्ड आयुष्यभर बँकेत रोखपाल होता. दर वेळी नवे क्राउन निघाले की तो पगारातून थोडे बदलून घरी आणायचा आणि जेवणघरातल्या खणात ठेवायचा. "खिडकीतून इतके क्राउन मी लोकांना दिले, पण त्यातला एकही कधी खिडकीकडे परत आला नाही," असे तो अभिमानाने सांगत असे. खणातले क्राउन कोणासाठी ठेवले होते ते इथे लिहिण्याची गरज नाही.

रात्रीच्या जेवणाला मी विचारले, "लेनर्ड, तू कांदे कधीपासून खायला लागलास?"

"नाही खाल्ला. मॅव्हिसच्या कुत्र्याला घातला."

"मग घेतलास कशाला?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "पैसाच आहे तो, कॉनी. कायद्याने पंचवीस पेनी."

मी विचारले होते ते हे नव्हे.

शुक्रवार, १८ सप्टेंबर

डोके दुखत होते म्हणून चर्चच्या दुकानातून दुपारी लवकर निघाले. जुने कपडे निवडण्याचे काम माझ्याशिवाय कोणी धड करत नाही, पण आज इलाज नव्हता. कोपऱ्यावरच्या लाल टेलिफोन-पेटीत लेनर्ड उभा दिसला. रिसीव्हर कानाला होता आणि तो हसत होता. मला पाहताच त्याने रिसीव्हर खाली ठेवला.

"पाऊस आला म्हणून आत शिरलो," बाहेर येत तो म्हणाला.

पाऊस कसला, भुरभुर होती. आणि छत्री त्याच्या हातात होती.

तो फोन करणार कोणाला? भाऊ गेला. बँकेतले सोबती एकेक करून गेले. आमच्या घरी टेलिफोन नाही. मी कधी घेऊ दिला नाही. ज्याला काही सांगायचे असेल त्याने पत्र लिहावे, म्हणजे विचार करून लिहिले जाते. रिकाम्या पेटीत उभे राहून कोणी हसत असेल तर त्याचा अर्थ काय, हे मला नीट कळते. माझ्या आईचीही सुरुवात अशीच झाली होती.

त्याच्या खिशात काड्यापेटी सापडली. खणातही काड्यापेट्या साठल्या आहेत. डॉक्टरांनी ईस्टरला त्याचा पाइप बंद केला. पाइप बंद झाल्यावर तंबाखूचे पैसेही मी बंद केले. मग या काड्या कशासाठी?

मंगळवार, २२ सप्टेंबर

आज नाश्त्याला त्याने ऑड्रीचे नाव घेतले. कितीतरी वर्षांत या टेबलावर ते नाव निघाले नव्हते.

"कॉनी, समज ती दारात येऊन उभी राहिली तर?"

"येणार नाही."

"पण आलीच तर?"

"मार्मालेड दे इकडे."

त्याने दिला. आमच्या मुलीने सरळमार्गी, शाळामास्तर नवरा टाकला आणि समुद्रातल्या तेलविहिरींवर काम करणाऱ्या, आधीच लग्न झालेल्या माणसाबरोबर ती अॅबरडीनला गेली. मी तिला या दारातच काय ते सांगितले होते. नंतर तिची पत्रे आली ती मी न उघडता परत पाठवली, आणि मग ती यायची थांबली. बंद केलेली गोष्ट मी उगीच उघडत नाही. शाळेत भूगोल शिकवताना मुलींनाही मी हेच सांगत असे: रेषा एकदा आखली की खोडायची नाही, कागद खराब होतो.

वाचनालयातून म्हातारपणच्या विस्मरणावरचे पुस्तक आणले आहे. त्यात लिहिले आहे की रुग्ण जुन्या माणसांत रमू लागतो.

शुक्रवार, २ ऑक्टोबर

काड्यापेट्यांचा उगम सापडला. वर्तमानपत्रवाले श्री. ठकरार. हे कुटुंब युगांडातून हाकलले गेले तेव्हा आमच्या ब्रॅकनलीत आले. दुकान स्वच्छ ठेवतात.

"रोज येतो का तो?" मी विचारले.

"नाही मॅडम. शुक्रवारी, बाराच्या जरा आधी. एक काडीपेटी घेणार, क्राउन देणार, आणि म्हणणार, दहा-दहाची दोन नाणी दे."

"आणि तुम्ही क्राउन घेता?"

"का नाही घेणार? वर राणी आहे. कंपाल्यात आमच्या बँकेतल्या पैशाचा एका दिवसात कागद झाला, मॅडम. तेव्हापासून कुठल्याही पैशाला मी 'तू खरा का?' म्हणून विचारत नाही."

"मग ते आहेत कुठे? मी बदलून देते."

यावर त्यांची बायको पडद्यामागून म्हणाली, "ते मिळायचे नाहीत. मी देव्हाऱ्यात ठेवलेत, दिवाळीच्या पूजेला."

"अगं, मी गल्ल्यात टाक म्हणून दिले होते!"

"असलं सुंदर नाणं कोणी गल्ल्यात टाकतं का?"

म्हणजे हे लोकही इथलेच झाले. मी तो विषय सोडला आणि ठकरारांना स्पष्ट सांगितले की माझे यजमान श्री. ऑरमरॉड यांची प्रकृती ठीक नाही, डोक्याची. यापुढे त्यांच्याकडून क्राउन घेऊ नये.

"मला तर ठणठणीत वाटतात," ते म्हणाले. "परवा अख्ख्या उन्हाळ्याचं क्रिकेट तोंडपाठ सांगितलं."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही मॅडम."

"मग घेऊ नका."

तेच मॅव्हिसला सांगितले, न्हाव्याला सांगितले, आणि बसच्या थांब्यावर चालकांनाही सांगून आले. मॅव्हिस लगेच म्हणाली, "मला वाटलंच होतं. कांद्याला क्राउन देतो म्हणजे माणूस गेलाच कामातून." सगळ्यांना एका वाक्यात पटले. शहाणा माणूस क्राउन खर्च करत नाही, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

हे करताना मला आनंद झाला नाही, हे लिहून ठेवते.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

कुठून तरी त्याने आज सुटे मिळवलेच. पोस्टातली मुलगी नवी आहे, तिला सांगायचे माझ्याकडून राहिले होते. दुपारी घरी आला तो गालांवर लाली आणि तोंडात कुठलेसे गाणे. त्याला इतके खूश मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. अशी अकारण खुशी हेही एक लक्षण आहे.

मग प्रश्न सुरू झाले.

"एकोणतीस तारखेला गुरुवारच ना?"

"गुरुवार."

"मँचेस्टरच्या विमानतळाची बस कुठून सुटते गं?"

"आपल्याला विमानतळावर काय काम?"

"सहज. विमानं बघायला."

आम्ही दोघे जन्मात कधी विमानात बसलेलो नाही. चहा होईपर्यंत त्याने तारीख आणखी दोनदा विचारली. शेवटी बूट घेऊन मागच्या पायरीवर बसला आणि पॉलिश करत राहिला. आई शेवटी शेवटी अशीच बांधाबांध करायची, कुठल्या तरी गावाला निघाल्यासारखी. एकदा तिला कालव्याच्या काठावरून पोलिसांनी परत आणले होते.

खणाला कुलूप लावले. किल्ली माझ्या साखळीत घातली. डॉक्टर पिलिंग यांची वेळ घेतली. तीन नोव्हेंबरच्या आधी मिळत नाही.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

चर्चच्या दुकानात निरोप पाठवून मी आज घरीच राहिले. त्याचे सगळे शुक्रवारीच घडते, हे माझ्या लक्षात आले आहे.

पावणेबाराला त्याने कोट चढवला.

"कुठे निघालास?"

"पाय मोकळे करून येतो."

"मीही येते."

"तू नको."

"मग तूही नको. लेनर्ड, कोट काढ."

"कॉनी, दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं दे मला."

"कशासाठी?"

त्याने घड्याळाकडे पाहिले. मी कोट काढून घेतला आणि दाराला कडी घातली. आवाज चढवला नाही. तो भिंतीवरच्या घड्याळासमोर जाऊन उभा राहिला. बाराचे ठोके पडले, तरी उभाच. शेवटी मी सूप वाढले तेव्हा येऊन बसला, पण चमचा हातात घेतला नाही.

"निवतंय," मी म्हटले.

"हो," तो म्हणाला. "निवलं."

आजार वाढत चालला आहे. मला त्याची काळजी वाटते. हे मी त्याला सांगायला हवे होते की काय, कळत नाही. तशी आम्हाला सवय नाही.

गुरुवार, २९ ऑक्टोबर

भीती होती तेच झाले.

सकाळी मी कपडे वाळत घालत असताना तो पुढच्या दाराने निघून गेला. लग्नकार्याला घालायचा कोट, टाय, पॉलिश केलेले बूट. मी सगळी गल्ली पालथी घातली. कालव्यापर्यंत जाऊन आले. काठाने चालत पाण्यात बघत गेले.

परत आले तर बसचा चालक त्याला दंडाला धरून आमच्या पायरीवर उभा. बिचाऱ्याने प्रवाशांनी भरलेली बस कोपऱ्यावर उभी करून त्याला आणून सोडले होते.

"मँचेस्टरचं तिकीट मागत होते," चालक म्हणाला. "आणि माझ्या पुढ्यात हे ओतलं." त्याच्या टोपीत मूठभर क्राउन होते. कोटाच्या अस्तरात लपवले असणार. "बाई, तुम्ही सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. नाहीतर कुठे जाऊन पोहोचले असते, देव जाणे."

"कायद्याने पैसाच आहे तो," लेनर्ड म्हणाला. आवाज इतका बारीक होता की चालकाला ऐकूही आला नसेल. "तू मोजून बघ ना. पुरतील."

"पुरतील काका, पुरतील. पण नातवंडांसाठी ठेवा हो. असले पैसे खर्चायचे नसतात."

मी चालकाचे आभार मानले. लेनर्डला आत आणले, ब्लँकेट दिले, चहा दिला. दिवसभर तो खिडकीशी बसून होता. एखादे विमान गेले की मान वर करायचा, आणि आवाज विरेपर्यंत तशीच ठेवायचा.

एवढे तरी माझ्या सावधपणामुळे टळले.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

डॉक्टर पिलिंग यांनी त्याला तारीख, वार, पंतप्रधान, आमच्या लग्नाचे वर्ष, शंभरातून सात वजा करत जाणे, सगळे विचारले. लेनर्डने वजाबाकी डॉक्टरांपेक्षा लवकर केली. मग मी पर्समधून क्राउन काढून टेबलावर ठेवला.

"याची किंमत काय, मिस्टर ऑरमरॉड?" डॉक्टरांनी विचारले.

"पंचवीस पेनी."

"असं? मला वाटत होतं पाच पौंड. माझ्याकडे आत्याने दिलेला आहे एक." डॉक्टर हसले आणि माझ्याकडे वळले. "मिसेस ऑरमरॉड, यांच्या डोक्यात काहीही बिघाड नाही. पण हे फार खचलेले दिसतात. काही झालं आहे का घरी?"

"घरी काही झालेलं नाही," मी म्हणाले.

लेनर्ड टोपी हातात फिरवत राहिला.

बाहेर पडल्यावर बाकावर बसून मी विचारले. आधी विचारले होते तसे नाही. आज मला खरोखर उत्तर हवे होते.

"पेटीला दहा पेनीचं नाणं लागतं," तो म्हणाला. "क्राउन त्या फटीत जात नाही. म्हणून मोडायचो."

"फोन कोणाला?"

"ऑड्रीला. दर शुक्रवारी बाराला ती फोनपाशी बसायची. तू दुकानात असायचीस. गुरुवारी ती गेली, कॉनी. ऑस्ट्रेलियाला. तिकडेही तेल लागलंय, त्याला तिथे काम मिळालं. कायमचं. मँचेस्टरला विमान बदलणार होती. कुठल्या दारात, किती वाजता भेटायचं, ते तेवीसच्या शुक्रवारी सांगणार होती."

मला घड्याळासमोरची त्याची पाठ आठवली.

"नंतर करायचास ना फोन. तिच्या खर्चाने करता येतो, तो ऑपरेटर…"

"सोमवारी केला. तू झोपलेली असताना. जन्मात पहिल्यांदा मुलीला म्हटलं, तू पैसे भर. कोणी उचललाच नाही. सामान आवरून निघाले असतील." मग म्हणाला, "म्हटलं वेळ माहीत नसेना का, दिवस माहीत आहे. सकाळपासून जाऊन बसेन. कधीतरी दिसेलच. एल्सपेथ लाल टोपी घालणार होती, मला ओळखू यावी म्हणून."

"एल्सपेथ कोण?"

"मुलगी तिची. सहा वर्षांची आहे. तीही यायची फोनवर. दोन नाण्यांत आम्ही तिघं बोलायचो."

बाकावर माझ्या शेजारी एक बाई बाबागाडी हलवत होती. मी तिच्याकडे बघत राहिले, कारण लेनर्डकडे बघवत नव्हते.

"मला सांगितलं का नाहीस?" शेवटी मी म्हटले.

"मार्मालेड मागितलास तू," तो म्हणाला. रागाने नाही. "तू वाईट नाहीस गं, कॉनी. तुला उत्तर आधीच माहीत असतं, एवढंच."

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

त्याच्यासमोर दहा पेनीची नाणी ठेवली. म्हटले, जा, करून तर बघ. त्याने ती बोटाने माझ्याकडे सरकवली. "तुझे पैसे नकोत."

मग खणाचे कुलूप काढले आणि त्याचे क्राउन घेऊन ठकरारांकडे गेले. त्यांनी हात मागे घेतले.

"घेऊ नका असं तुम्हीच सांगितलंत, मॅडम."

"आता घ्या म्हणते आहे."

"म्हणजे साहेब बरे झाले?"

"ते आजारी नव्हते," मी म्हणाले. हे वाक्य म्हणायला वेळ लागला. ठकरारांनी एक क्राउन उचलला आणि दहा-दहाची दोन नाणी दिली. काड्यापेटीही पुढे केली. मी ती घेतली.

लेनर्डला तो नंबर पाठ होता. पेटीत मी एकटी गेले. काय बोलायचे ते मनात जुळवून ठेवले होते, शाळेत निकालाच्या दिवशी जुळवायची तसे. पलीकडून एका अनोळखी बाईने सांगितले की हा नंबर बंद झाला आहे. मी "आभारी आहे" म्हणाले. नाण्यांपैकी एक यंत्राने परत टाकले. पेटीच्या काचेतून लेनर्ड रस्त्यापलीकडे उभा दिसत होता. मी मान हलवली, तसा तो वळून घराकडे चालू लागला.

सोमवार, २३ नोव्हेंबर

आज घरी टेलिफोन बसवला. मी ओळखी लावून लवकर मिळवला. तारेवाल्याने विचारले, कुठे ठेवू? दाराशेजारी, मी म्हटले. कुठूनही चटकन पोहोचता येईल असा.

काम संपवून त्याने बाहेरून घंटी वाजवून पाहिली. लेनर्ड मागे भांडी विसळत होता. तो धावत आला. त्याला धावताना मी युद्धानंतर पाहिले नव्हते. ओल्या हातांनीच त्याने रिसीव्हर उचलला. पलीकडे तारेवाला म्हणाला असणार, ठीक चालतोय, साहेब. लेनर्ड म्हणाला, "हो. आवाज स्वच्छ आहे," आणि रिसीव्हर पुसून खाली ठेवला.

तिचा तिकडचा पत्ता त्याच्याकडे नाही. तो ती विमानतळावर देणार होती. मी म्हटले, स्थिरस्थावर झाली की पत्र टाकेल. या घरी पत्र टाकले की त्याचे काय होते हे तिला ठाऊक आहे, ते लेनर्डने मला ऐकवले नाही.

संध्याकाळी तो चष्मा लावून टेलिफोनसमोर उभा होता आणि तबकडीवर चिकटवलेला आमचा नवा नंबर पुन्हा पुन्हा वाचून पाठ करत होता.

"आला पाठ," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, खरोखर मला माहीत असेल असे वाटून त्याने विचारले, "आता हा सांगायचा कोणाला, कॉनी?"